एकसष्टावं मेंढरू

मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर
शुक्रवार, ५ डिसेंबर

ती. आशाताई यांच्या पायांवर डिंगोऱ्याच्या आतेभावाचं डोकं टेकलं आहे असं समजावं. (खरं टेकवायचं तर घोडेगावला यावं लागेल, आणि सध्या दिवस मावळायच्या वेळेला मला गाव सोडता येत नाही. का ते पुढं येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला काढ्यानं गेला की डॉक्टरनं घालवला? शाळेच्या पत्र्यावरची वानरं गेली का? इकडं जया बरी आहे, मी बरा आहे, मेंढरं बरी आहेत, तुमचे बाबा, म्हणजे आमचे मामा, तर सगळ्यांहून बरे आहेत. तुम्ही वयानं धाकट्या पण मुख्याध्यापिका, आणि मी जनावरांच्या दवाखान्याचा रिटायर परिचर, म्हणून या पहिल्या परिच्छेदात मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आहे. पुढं राग आला की 'तू' म्हणेन. आणि राग येणारच आहे, कारण हे सगळं तुमच्यामुळं झालंय.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तू मला काय सांगितलंस ते आठव. भरत तुला म्हणाला होता की बाबांचं डोकं आता चालत नाही, मेंढरं साठ आहेत आणि बाबा रोज एकसष्ट मोजतात. सगळं खांड एकदम विकायचं आणि बाबांना नारायणगावला त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. चौदा तारखेच्या रविवारी गिऱ्हाईक टेंपो घेऊन येणार. फक्त तुझा होकार बाकी होता. तू म्हणालीस, माझा भरतच्या तोंडावर विश्वास नाही आणि बाबांच्याही नाही, माझा आलेखावर विश्वास आहे. जानकू, खांड तुझ्याच वावरात बसलंय, तू रोज संध्याकाळी स्वतः मोज, बाबांचा आकडा एका रकान्यात, तुझा दुसऱ्या रकान्यात, चाळीस दिवस. माझा जुना लॅपटॉप घेऊन जा, आलेख काढ आणि पाठव. बाबा खरंच चुकत असतील तर मी हो म्हणते. माझ्या तोंडात लाडू होता म्हणून मी मान हलवली. सत्तर वर्षं ज्या माणसानं मेंढरांमागं काढली, त्यानं पुढं लिफ्टमधनं वरखाली करायचं की नाही, हे माझ्या आलेखावर ठरणार, हे घरी पोचल्यावर ध्यानात आलं. मामांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मी रिटायर झाल्यामुळं रिकामपणी मेंढरं मोजतो.

मोजण्याच्या बाबतीत माझ्यावर शंका घेऊ नकोस. एकतीस वर्षं मी आणे पठारावरची मेंढरं लसीकरणाला मोजली, प्रत्येकीच्या पाठीवर निळा ठिपका लावला, आणि एकदाही आकडा चुकला नाही. (एकदा घोंगडी पांघरून शेकत बसलेल्या तलाठ्यांना ठिपका लावला होता, पण तेव्हा धुकं होतं.) तर पंचवीस ऑक्टोबरला दिवस कलल्यावर मी वही घेऊन वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहिलो. तोंडाच्या डाव्या अंगाला मामा, उजव्या अंगाला मी. मधनं एक एक मेंढरू आत जातं, पुढं ती बिनशिंगाची बोडकी, मागं बाकीची. मामांचे ओठ हलतात, आवाज येत नाही. मी वहीत रेघ मारतो. शेवटचं कोकरू आत गेलं, मामांनी जाळी ओढली आणि म्हणाले, एकसष्ट. माझ्या वहीत साठ रेघा. मला वाटलं पहिल्या दिवशी माझीच नजर बसली नसेल. दुसऱ्या दिवशी साठ आणि एकसष्ट. तिसऱ्या दिवशी मी निळा ठिपका लावून मोजली, बाटलीतला रंग संपला, साठच. मामा घोंगडी झटकत म्हणाले, एकसष्ट.

आता तो लॅपटॉप. तू दिलेल्या आलेखाच्या बटणाला हात लावल्याबरोबर दोन रेघा उमटल्या, वर मामांची तांबडी, खाली माझी निळी, आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. पण उभ्या ॲक्सिसवर त्यानं आकडे घातले होते एकोणसाठ पूर्णांक पाच, साठ, साठ पूर्णांक पाच, एकसष्ट. मी जयाला बोलावून दाखवलं की या यंत्राला साडेसाठ मेंढरं दिसतात. ती पीठ मळत होती. तिथनंच म्हणाली, एखादी गाभण असंल. मी जुन्नरला नसीम मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासला गेलो (तू ज्यांचं नाव सांगितलं होतंस त्याच, पीरमहंमद बांगडीवाल्यांची सून). त्यांना आधी वाघर म्हणजे काय ते सांगावं लागलं, रात्री मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, चार बाजूंनी मेखांना ताणलेली, एका बाजूला तोंड. मग त्यांनी मला 'फॉरमॅट ॲक्सिस' नावाची जागा दाखवली. तिथं 'मेजर' म्हणून एक चौकोन असतो, त्यात एक घातला की अर्धी मेंढरं जातात. मला बरं वाटलं. निदान अर्ध्यांचा बंदोबस्त झाला.

पुढं माझी एक चूक झाली. मी मामांना विचारलं होतं की मी मोजायला लागायच्या आधी किती मेंढरं होती. ते म्हणाले, एकसष्ट. मला वाटलं हेही पहिल्या ओळीत घालावं. पण तारीख काय घालायची? मोजणीच्या आधीचा दिवस, म्हणून मी शून्य टाकला. त्या रकान्याला तारखेचं रूप दिलेलं होतं. यंत्रानं शून्याची तारीख करून लिहिलं, ०० जानेवारी १९००. ताई, तू शाळेत कॅलेंडर शिकवतेस, तू मला सांग, शून्य जानेवारी हा कोणता वार? आणि मग आलेख बघितला तर आडवी ॲक्सिस एकोणीसशे सालापासून सुरू. माझे सगळे दिवस उजव्या कडेला एका केसाएवढ्या जागेत कोंबलेले, माझी निळी रेघ तिथं नावाला एक ठिपका. आणि मामांची तांबडी रेघ त्या नसलेल्या दिवसापासून आजपर्यंत, सेहेचाळीस हजार दिवस, एकसष्टवर सरळ. कुठं खड्डा नाही, कुठं उंचवटा नाही. मी लॅपटॉप तसाच उचलून बाभळीखाली मामांपुढं नेला आणि म्हणालो, मामा, हे बघा काय विपरीत झालंय. त्यांनी चष्मा लावून रेघेवरनं डावीकडनं उजवीकडं बोट फिरवलं. म्हणाले, "बरोबर हाय. तवापास्नं हीच मोजणी हाय." आणि चष्मा काढून ठेवला. मी त्यांना बरंच समजावलं की ही माझी चूक आहे, पण ते तोवर बोडकीच्या खुरातला काटा काढायला लागले होते. मी ती ओळ पुसली. आडवी ॲक्सिस जाग्यावर आली. पण त्या दिवसापासून मी लॅपटॉपचं झाकण लावल्यावर वर पाट ठेवतो.

मग भरत आला. त्याला टोमॅटोच्या गाडीबरोबर ओतूरला जायचं होतं, जाता जाता उतरला. त्यानं स्क्रीन बघितला आणि मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, दादा, बघ ना, केवढी दरी आहे. आणि खरंच होती. एकोणसाठपासून एकसष्टपर्यंतचीच ॲक्सिस असल्यामुळं त्या एका मेंढराची जागा अशी दिसत होती की माळशेजच्या कड्यावर उभं राहून खाली बघावं. कुणालाही वाटावं, म्हातारा पार गेला. भरतचे डोळे भरून आले होते, ताई, ते मी तुला सांगितलं पाहिजे. त्याला खांड विकून मोटारगाडी घ्यायची नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलं, आणि बाप शहात्तर वर्षांचा, एकटा, जाळीच्या कडेला घोंगडीत झोपतो, या विचारानं त्याला झोप येत नाही. तो वाईट नाही. पण त्यानं फोटो नेला आणि मला धसका बसला.

नसीम मॅडमनी मला पूर्वी सांगितलं होतं की 'मिनिमम'च्या चौकोनात शून्य घातला की उभी ॲक्सिस शून्यापासून सुरू होते आणि जवळच्या रेघा आणखी जवळ येतात. मी घातला. लगेच दोन्ही रेघा एकमेकींना चिकटल्या, एकसष्ट आणि साठ यांच्यात सुई शिरंना. तेच आकडे, तेच खांड, तोच म्हातारा. मी म्हणालो हाच पाठवायचा. पण दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर पुन्हा एकोणसाठ आणि पुन्हा ती दरी. पुन्हा शून्य घातला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दरी. चार दिवस असं चाललं. मी दाराला कडी लावून शून्य घातला, जयाला शपथ घालून विचारलं, लॅपटॉपखाली भैरवनाथाचा अंगारा ठेवला. (माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. पण घरात अंगारा होता.) काही उपयोग झाला नाही. कुणाला तरी ती दरी दिसायला हवी होती. रोज एवढा वेळ घालवून मी ती बुजवायचो आणि रोज कुणीतरी ती उकरून ठेवायचं. त्या चार दिवसांत माझं वजन उतरलं. जया म्हणते उतरलं नाही, पण पट्टा सैल झाला हे मी स्वतः बघितलं.

आणि मोजणी? ती रोज तशीच. मी सगळं करून बघितलं. मी आणि मामांनी बाजू बदलल्या, मी खडे टाकून मोजलं, जयाला शेजारी उभं करून मोजलं, साठ. मग नोव्हेंबरात एक दिवस एक मेंढी लंगडत होती, तिला मी मुद्दाम मामांच्या नकळत गोठ्यात बांधून ठेवलं. माझ्या रेघा एकोणसाठ. मामा जाळी ओढत म्हणाले, साठ, एक कमी हाय, कुठं ऱ्हायली रं? मी तिला सोडून आणलं. घरी येऊन दोन्ही आकडे भरले तर दोन्ही रेघा एकाच वेळी एक पायरी खाली उतरलेल्या, त्यांच्यातलं अंतर जिथल्या तिथं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. ज्याचं डोकं गेलंय तो कधी दोननं चुकेल, कधी सातनं चुकेल, एखाद्या दिवशी चुकून बरोबरही येईल. महिनाभर रोज बरोब्बर एकनं कोण चुकतो? हा माणूस चुकत नाही. हा काहीतरी मोजतोय, आणि मला ते दिसत नाही.

चोवीस तारखेला मी वही जयाकडं दिली आणि मामांच्या पाठीशी, त्यांच्या कानाला कान लावून उभा राहिलो. दिवस डोंगराआड गेला होता, उजेड होता पण सावल्या नव्हत्या. मेंढरं तोंडाशी येऊन थांबली होती. मुकादम (मामांचं कुत्रं, गुरगुरणं हाच त्याचा धंदा) तोंडाच्या मधोमध बसला होता. बोडकीनं अजून पाय उचलला नव्हता. आणि मामांनी रिकाम्या तोंडाकडं हात करून, दाणे मापताना म्हणतात त्याच सुरात, हळूच म्हटलं, "लाभ." मुकादम उठला, शेपूट हलवत बाजूला झाला, आणि जाळीच्या आत, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या हवेकडं बघत राहिला. मेंढरांनी दोन्हीकडं माना वळवून मधे वाट केली. मग बोडकी आत गेली आणि मामा म्हणाले, दोन.

तुला खळ्याची मोजणी सांगायला नको. पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, आणि दुसऱ्या मापापासून दोन, तीन, चार. आपल्या आज्यापासून असंच चाललंय. पण ताई, खळ्यात लाभ म्हणताना हातात माप असतं, मापात दाणे असतात. इथं काहीच नव्हतं. जाळी ओढल्यावर मी मामांना विचारलं, पहिलं माप कुणाचं? ते माझ्याकडं असे बघत राहिले की हा एकतीस वर्षं सरकारचा पगार खाऊन काय शिकला. मग म्हणाले, "बानूचं. पैली ती आत जाती, मंग बोडकी. ती आत गेल्याबिगर मेंढरं कशी जातीन?" आणि मला आठवलं. मामी असताना तोंडातनं पहिल्या त्याच आत शिरायच्या, ओच्यात कोकरू नाहीतर हातात मीठ, आणि मामा थट्टेनं त्यांना मोजायचे. लाभ. मामी मिश्रीचं बोट दातावरनं काढून म्हणायच्या, मला मेंढरात घाला, म्हंजी चाराबी घाला. चाळीस वर्षं मामांचा आकडा एकनं जास्तच असायचा आणि सगळ्या खांडाला, सगळ्या गावाला ते माहीत होतं, म्हणून कुणी बोलायचं नाही. मामी गेल्या, दोन वर्षं झाली. थट्टा तेवढी राहिली. मला वाटतं तुलाही ते आठवत असेल, पण तू आलेख मागितलास.

आता मला समाधान वाटायला हवं होतं. कोडं सुटलं होतं, मामा शहाणे होते. पण मुकादम कुणाला वाट देत होता ते सुटलं नव्हतं. म्हणून सत्तावीसला मी मामांच्या हातापाया पडून म्हटलं की आजच्या दिवस लाभ म्हणू नका, सरळ बोडकीपासून मोजा. ते म्हणाले बघ बाबा. ते गप्प उभे राहिले. मेंढरं तोंडाशी आली आणि थांबली. मी हाकारा दिला, थांबली. जयानं कडबा दाखवला, थांबली. साठ मेंढरं, ताई, एक बें नाही, खोकणं नाही, सगळ्यांच्या माना त्या रिकाम्या तोंडाकडं. अंधार पडायला लागला. वरच्या ओढ्याकडं एक टिटवी ओरडली आणि मुकादम रडल्यासारखा आवाज करायला लागला. मी सरकत सरकत मामांना चिकटलो होतो. (थंडी होती.) शेवटी मीच ओरडलो, म्हणा हो मामा, म्हणा. मामांनी हात केला, म्हणाले, "लाभ, चल बानू, पोरगं भ्यालं." आणि सगळं खांड पाण्यासारखं आत गेलं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे हे मामांच्या ध्यानात राहत नाही.

त्या दिवशी मामांनी पुढं मोजलंच नाही. म्हणून मी त्यांच्या रकान्यात आकड्याऐवजी 'मोजलं नाही' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीचे आकडे भरल्यावर आलेख उघडला. मामांची रेघ एकसष्टवरनं सुटली ती थेट तळाला, शून्यावर, आडात पोहरा सुटावा तशी, आणि दुसऱ्या दिवशी तळातनं सरळ वर एकसष्टला. आणि उभी ॲक्सिस आपणहून शून्यापासून सुरू झाली होती. जे मला चार दिवस करता आलं नाही ते कुणी न सांगता झालं होतं. दरी गेली, दोन्ही रेघा एक झाल्या, मधे फक्त तो एक आड. मी लॅपटॉप बंद न करता बगलेत मारला आणि पहिल्या एसटीनं जुन्नर गाठलं.

नसीम मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं. आकड्याच्या जागी अक्षरं लिहिली की आलेख ती शून्य धरतो, आणि खाली शून्य आला की ॲक्सिस शून्यापर्यंत पसरते, त्यात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि ती चार दिवसांची दरी? 'मिनिमम'च्या चौकोनाशेजारी 'रिसेट' नावाचं बटण असतं. मी शून्य घातला की ते बटण उजळायचं. मला वाटायचं, शून्य पक्का बसवायचं बटण आहे, म्हणून मी रोज शेवटी ते दाबून लॅपटॉप मिटवायचो. ते उलटं असतं. ते दाबलं की आपलं पुसलं जातं आणि यंत्राचं येतं. एकूण चार दिवस मीच माझी दरी उकरत होतो. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच मॅडमना मुकादमचं विचारलं. त्या बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, काका, त्याचं बटण माझ्याकडं नाही. त्यांनी तो आड बुजवून दिला, ॲक्सिस शून्यापासून बसवून दिली, आणि काल, मोजणी संपल्यावर, मी पुन्हा गेलो तेव्हा रंगीत कागद काढून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

तो कागद सोबत जोडला आहे. नीट बघ. दोन रेघा एकच दिसतील. भिंग लावलंस तर वरच्या कडेला थोडं तांबडं दिसेल, तेवढ्या तुझ्या आई. तुझ्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे, माझी मोजणी बरोबर आहे, आणि त्यांचीही. दाजींना नमस्कार सांग. वानरांना फटाके लावू नका, ती सवय धरतात.

तुझा
जानकू

ता. क. जया हे पत्र वाचून म्हणाली, खरी गोष्ट लिहिलीच नाहीत. खरी गोष्ट अशी की तू चाळीस दिवसांचा आलेख मागितला होतास आणि कागदावर अडतीसच आहेत, तू लाल पेन घ्यायच्या आधीच सांगतो. शेवटचे दोन दिवस मी 'हाइड' करून लपवले आहेत. ओळ लपवली की आलेखातनंही जाते, हेही मला नसीम मॅडमनीच शिकवलं. (कशासाठी ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.) त्या दोन दिवशी माझा आकडा साठ आहे आणि मामांचा बासष्ट. भरतनं ते बघितलं तर म्हणेल, आता दोननं चुकायला लागले. कोकरू जन्मलेलं नाही. मी मामांना विचारलं, लाभ मामींचा, तर दोन कोण? ते म्हणाले, "तू. तू बी आता मेंढरांच्या आधीच आत शिरतुयास, तुला सोडून कसं मोजू?" आणि ते खरं आहे, ताई. गेले काही दिवस मी बाहेर उभा राहत नाही. मामींच्या मागोमाग आत जातो, जाळीच्या आतनं मोजतो. आत भीती कमी वाटते. तोंडातनं जाताना पुढं मिश्रीचा वास येतो आणि मी थोडं अंतर ठेवून चालतो, मामी जिवंत असताना चालायचो तसाच.

ता. क. दुसरा. म्हणून खरं मागणं असं आहे की तू आलेखावरनं ठरवू नकोस. भरतला फोनवर हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. तेरा तारखेच्या शनिवारी दिवस मावळायच्या आत त्याला घेऊन इथं ये आणि दोघं वाघरीच्या तोंडाशी उभे राहा. लाभ, दोन, पुढं तीन आणि चार व्हा. मग रविवारी तो टेंपोवाला आला की त्यानंच मोजून घ्यावं काय न्यायचं आणि काय नाही. मामा म्हणाले, भरत लहानपणी आईचा पदर धरून आत शिरायचा, तवा आकडा दोननं वाढायचा. भरतला मी हे सांगितलं नाही. तू सांग.

ता. क. तिसरा, आणि हा विसरू नकोस. येताना नारायणगावच्या बाजारातनं मिश्रीची एक पुडी आण. मामींची डबी मामांनी वाघरीच्या पहिल्या मेखेला टांगून ठेवली आहे, त्या गेल्या तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती, माझ्या हातानं मी झाकण लावलं होतं. मामांना दात नाहीत, जया मिश्रीला शिवत नाही, आणि मी ती लावत नाही हे तुला माहीत आहे. काल मामांनी मला डबी उघडून दाखवली. तळ दिसायला लागलाय.